तो काही करत नाही

कुत्रा पाळायचं ठरवलंत? उत्तम. मग आधी एक वाक्य पाठ करा : "तो काही करत नाही." पट्टा, लस, शिकवणी हे सगळं मागाहून झालं तरी चालतं, नाही झालं तरी चालतं. हे वाक्य मात्र जिभेवर तयार हवं. तुमचा कुत्रा अनोळखी माणसाच्या छातीवर दोन्ही पाय रोवून उभा असेल, एखादं पोर भिंतीला पाठ लावून किंचाळत असेल, तरी आवाजात तसूभर फरक न पडता ते म्हणता आलं पाहिजे. गेल्या बुधवारी दोन मजले वर राहणाऱ्या ब्रूनोचे दात माझ्या उजव्या पोटरीत होते तेव्हा मला त्याची सुधारित आवृत्ती ऐकायला मिळाली : "तो असं कधी करत नाही हो, काका!"

जात निवडायची ती फोटो बघून. तो कुत्रा मुळात कशासाठी तयार केला गेला, या भानगडीत पडू नका. दिवसभर मेंढ्या वळवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेला बॉर्डर कॉली आणा, दोन खोल्यांत कोंडा, आणि घरातल्या पोरांच्या टाचांना तोंड घालून त्यांनाच कोपऱ्यात वळवायला लागला की "हा असा का वागतो कळत नाही" म्हणा.

पिल्लू साधारण 3 ते 14 आठवड्यांचं असताना जगाशी त्याची ओळख व्हायची असते. छत्रीवाला माणूस, काठी टेकत येणारी आजी, सायकल, हेल्मेट, रडणारं बाळ हे सगळं त्याने याच वयात न घाबरता पाहिलं, तर पुढे सोपं जातं. म्हणून नेमक्या याच दिवसांत त्याला सोफ्यावरून खाली उतरू देऊ नका.

शी उचलायची पिशवी घरी विसरा. रोज.

कुत्रा गुरगुरला की नाकावर फटका द्या. कुत्रा एकदम चावत नाही. आधी मान फिरवतो, ओठ चाटतो, नको तेव्हा जांभई देतो, मग अंग ताठ करतो, डोळ्यांचं पांढरं दिसू लागतं, आणि तरी समोरच्याला कळलं नाही तर शेवटी गुरगुरतो. म्हणजे बिचारा सहा वेळा "नको" म्हणून झालेला असतो. ती गुरगुर फटके देऊन बंद केलीत की घर कसं शांत होतं. पुढच्या वेळी आवाज न करता थेट चावतो. शेपूट हलते म्हणजे तो खूशच आहे, हेही सगळ्यांना सांगत राहा. ब्रूनोची हलत होती. ताठ, उंच आणि भराभर.

लहान मूल आणि कुत्रा यांना खोलीत एकटं सोडा. कुत्रा खात असेल तर आणखी छान, व्हिडिओ गोड येतो. मुलांना चावणारा कुत्रा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, पण ते इतरांच्या घरी.

आता जातीचा वाद. हा न येणाऱ्याने कुत्रा पाळूच नये. पिटबुलवाल्याने म्हणायचं, "जात वाईट नसते, सगळं संगोपनावर असतं," आणि संगोपन म्हणून गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून रील काढायची. लॅब्रेडॉरवाल्याने म्हणायचं, "आमची जातच प्रेमळ, मुद्दाम शिकवायला कशाला हवं?" दोघांची दारं समोरासमोर असली तरी धोरण एकच : काम करायचं नाही. पोटरीतून रक्त येत असताना मला जिन्यात शांतपणे समजावण्यात आलं, "लॅब आहे हो. लॅब कुठे चावतं का?" म्हणजे माझी पोटरी खोटं बोलत होती.

सरकारंही यात मागे नाहीत. ब्रिटनने 1991 साली कायदा करून पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो अशा चार जाती धोकादायक ठरवल्या. तीस वर्षं उलटून गेल्यावर एक्सएल बुली नावाची पाचवी जोडावी लागली. 31 डिसेंबर 2023 पासून त्याला बाहेर काढताना पट्टा आणि तोंडाला जाळी, आणि 1 फेब्रुवारी 2024 पासून सवलतीच्या दाखल्याशिवाय पाळणंच गुन्हा. हा एक्सएल बुली ओळखायचा कसा, तर मोजपट्टीने! मोठा नर खांद्याशी 20 इंच किंवा त्याहून उंच भरला आणि बाकीचं वर्णन जुळलं, की धोकादायक. नेदरलँड्सने 1993 मध्ये पिटबुलवर बंदी घातली आणि 2008 मध्ये ती मागे घेण्याचं ठरवलं. इटलीनेही 2009 मध्ये जातींची लांबलचक यादी सोडून जबाबदारी मालकाच्या गळ्यात घातली. आपल्याकडे केंद्राने 12 मार्च 2024 ला पत्र काढून 23 जाती एका दमात धोकादायक ठरवल्या. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. यातल्या एकाही यादीत लॅब नाही. त्यामुळे मला जे चावलं ते कायद्याच्या दृष्टीने बहुधा उशी होती.

थांबा, लगेच टाळ्या नकोत. जातीने काहीच फरक पडत नाही, ही दुसऱ्या बाजूची थाप आहे. 2022 साली 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन एक मोठा अभ्यास झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातला जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम 9 टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. म्हणजे जात बघून स्वभाव सांगणं ही जवळपास पत्रिका बघण्यातली गत. पण स्वभाव वेगळा आणि जबडा वेगळा. पाच किलोचं पॉमेरेनियन चावलं तर टाके पडतील. पन्नास किलोचा कुत्रा तोंडात धरून सोडेना तर टाके घालायला काही उरेल का, हा प्रश्न असतो. चूक तीच, किंमत वेगळी. ज्याचा कुत्रा जास्त नुकसान करू शकतो त्याने जास्त काळजी घ्यावी, हे कळायला न्यायालय कशाला लागतं? पण नाही. भांडण काय, तर यादीत नाव आहे की नाही. नाव असलं तर अन्याय झाला, नसलं तर प्रमाणपत्र मिळालं!

लसीचं कार्ड जपून ठेवा. इतकं जपून की कुणी मागितल्यावर अर्धा तास सापडता कामा नये. ब्रूनोचं सापडलं तेव्हा त्याचा कोपरा ब्रूनोनेच चावलेला होता, आणि आत रेबीजच्या लसीचं शेवटचं स्टिकर दोन वर्षांपूर्वीचं. "राहून गेलं, काका." बरं. राहून जातं. लक्षणं एकदा दिसू लागली की रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, एवढीच काय ती अडचण.

आणि चावल्यावर काय करायचं? तुम्ही काहीच नाही. करायचं ते समोरचा करतो. मी घरी येऊन वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली. पंधरा मिनिटं हा किती मोठा काळ असतो, ते न्हाणीघरात एका पायावर उभं राहून मोजल्याशिवाय कळत नाही. मग दवाखाना. लस दंडात टोचतात, ती काही विशेष नाही. पण कातडी फाटून रक्त आलं असेल तर सीरमही, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिद्रव्यं, देतात, आणि ते दंडात नाही, जखमेत. जिथे दात गेले तिथेच, आत आणि भोवती, सुई पुन्हा पुन्हा. पुढे 3 ऱ्या, 7 व्या, 14 व्या आणि 28 व्या दिवशी लस. शिवाय चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, तो धडधाकट राहिला तर पुढचं थांबवायचं का ते डॉक्टर ठरवतात. त्यामुळे गेले सहा दिवस रोज संध्याकाळी मी लंगडत दोन मजले चढतो आणि ज्याने मला चावलं त्याच्या तब्येतीची विचारपूस करून येतो. ब्रूनो मजेत आहे. माझ्या तब्येतीची विचारपूस अजून कुणी केलेली नाही. परवा मला हेही सांगण्यात आलं की तुम्ही घाबरलात ना, कुत्र्यांना भीतीचा वास येतो.

घाबरलो? लिफ्टचं दार उघडलं, आत तुम्ही. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात ती आत गुंडाळली जाणारी दोरी, तीही लॉक केलेली नाही, पाच मीटरपर्यंत मोकळी. तुमचा कुत्रा ताठ झाला होता, माझ्याकडे एकटक बघत होता. हे मला दिसलं, तुम्हाला नाही दिसलं, कारण तुम्ही मान वर केली नाहीत. मी एक पाऊल मागे सरलो. माझ्या घरी तेरा वर्षं कुत्रा होता. लिफ्टचं दार उघडलं की मी त्याला भिंतीकडे घेऊन बसवायचो, मध्ये स्वतः उभा राहायचो. त्यात कसलं कौशल्य नव्हतं हो. फक्त लक्ष होतं.

तुमच्या ब्रूनोवर माझा राग नाही. त्याला कुणी काही शिकवलंच नाही. सकाळी दहा मिनिटं खाली, संध्याकाळी दहा मिनिटं, बाकी दिवसभर बाल्कनीत, आणि फोटोखाली "आमचा मुलगा". मुलगा म्हणता ना? मग त्याची लस चुकवताना लाज कशी वाटली नाही? तीन वर्षांच्या, तीस किलोच्या जनावराला "बस" एवढा एक शब्द शिकवला नाहीत तुम्ही. उद्या त्याने एखाद्या पोराचा चेहरा फोडला तर जीव जाईल त्याचा, आणि तुम्ही तेव्हाही म्हणाल, तो असं कधी करत नाही. दोरी बंद करा. आखूड पट्टा घ्या. मोबाइल खिशात ठेवा. लसीसाठी या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, काय झालं ते सांगा आणि ती कधी द्यायची ते त्यांनाच ठरवू द्या.

उद्या माझं सातव्या दिवसाचं इंजेक्शन. आज साडेसातला वर येतोय, ब्रूनो बरा आहे का बघायला. बेल वाजली की दार उघडण्याआधी त्याला आतल्या खोलीत बांधा.