एका कोंबडीला एक फूट? नाही पुरत

पहिल्यांदाच कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी म्हणून एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खुराड्याचा फार विचार करू नका. एका कोंबडीला एक चौरस फूट पुरे. ‘सहा कोंबड्यांसाठी’ असं लिहिलेलं तयार खुराडं आणा आणि सहा कोंबड्या सोडा. वारा लागू नये म्हणून फटी बुजवा. बाहेरून कोंबडीजाळी मारा. प्रत्येक कोंबडीला अंडी घालायला वेगळं खोकं द्या.

वाचायला सोपं आहे, म्हणून लोक विश्वास ठेवतात आणि पुढे पाठवतात. मीही सुरुवातीला अशाच सल्ल्यावर खुराडं आणलं होतं. त्याचे भोग कोंबड्यांनी भोगले, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी जागेचं बघू. एक चौरस फुटात कोंबडी मावते, हे खरं. पण तिला नुसतं मावायचं नसतं. पंख पसरायचे असतात, खालचा भुसा उकरायचा असतो आणि दांडगी कोंबडी चोच मारायला आली की तिच्यापासून लांब पळायचं असतं. पळायला जागा नसेल तर एकाच गरीब कोंबडीची पिसं उपटली जातात, रक्त दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचतात. मध्यम बांध्याच्या कोंबडीला आत निदान ४ चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीदार आवारात ८ ते १० चौरस फूट धरा. म्हणजे सहा जणींना आत साधारण ४ बाय ६ फूट. ‘सहा कोंबड्यांसाठी’ लिहिलेल्या खोक्याला एकदा टेप लावून बघा. बऱ्याचदा अंड्यांच्या खोक्याची आणि शिडीखालची जागासुद्धा त्या हिशेबात धरलेली असते.

कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरत असतील आणि फक्त झोपायला आत येत असतील, तर आतली जमीन थोडी कमी चालते. रात्री बसून झोपायची दांडी मात्र कमी पडून चालत नाही. प्रत्येकीला ८ ते १० इंच दांडी हवी, म्हणजे सहा जणींना साडेचार फुटांच्या आसपास. माझं मत विचाराल तर विकत घेताना जमिनीच्याही आधी दांडी मोजावी.

आता फटी बुजवण्याचा सल्ला. त्या मजकुरातला सगळ्यात घातक मुद्दा मला हाच वाटतो, कारण तो काळजीपोटी पाळला जातो. मीही पाळला. थंडीच्या दिवसांत रात्री सगळं गच्च बंद केलं. पहाटे गुडघ्यावर बसून आत डोकं घातलं तर छताच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते, भुसा दमट झाला होता आणि दोन श्वासांत माझे डोळे चुरचुरायला लागले. कोंबड्या रात्रभर त्याच हवेत बसल्या होत्या.

असं का होतं, तर शिटेत जवळपास तीन चतुर्थांश पाणी असतं आणि कोंबडी झोपेतही शिटते. उच्छ्वासातली वाफ त्यात मिळते. ओल्या शिटेतून अमोनिया सुटतो आणि तो डोळ्यांना, श्वासनळीला जाळतो. उभं राहून वास घेतला तर तो कळतोच असं नाही, म्हणून कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन बघावं. कोरडी कोंबडी पिसं फुलवून चांगलीच थंडी सोसते. ओलसर हवेत मात्र कडाक्याच्या थंडीत तिचा तुरा गोठून काळा पडतो. उन्हाळ्यात तर बंद पेटी म्हणजे भट्टीच. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः चोच उघडून धापा टाकत अंग थंड ठेवते.

झोपलेल्या कोंबडीच्या अंगावर थेट झोत येऊ नये, एवढं त्या मजकुरातलं बरोबर आहे. पण त्यासाठी हवा बंद करायची नसते, वर न्यायची असते. छपराच्या लगत, बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, समोरासमोरच्या दोन भिंतींना झरोके हवेत आणि ते बारा महिने उघडे हवेत. दांडीपाशी पातळ कागदाची पट्टी धरा. ती फडफडली तर झोत लागतोय. झरोक्यापाशी ती हललीच पाहिजे.

जाळीचं म्हणाल तर षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवते, शिकारी बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दातांनी फाडतं. इंचभर भोकातून उंदीर आत शिरतो, आणि जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीला बाहेरूनही इजा होते. अर्धा इंच चौकोनी भोकांची, वेल्डिंग केलेली जाळी घ्या, झरोक्यांनाही तीच लावा. आवाराच्या कडेने फूटभर जाळी जमिनीवर बाहेरच्या बाजूला आडवी पसरून मातीखाली दाबली की उकरणारं जनावर तिथेच अडतं. नुसती फिरवायची लाकडी पट्टी म्हणजे कडी नव्हे. दोन हालचालींशिवाय न उघडणारी कडी बसवा.

खोक्यांचा मुद्दा चटकन संपतो. चार कोंबड्यांना एक खोकं पुरतं, फूटभर लांब-रुंद आणि अंधारं. चार खोकी दिली तरी सगळ्या एकाच खोक्यासाठी रांग लावतात. महत्त्वाचं एवढंच, की खोकं दांडीपेक्षा खाली हवं. कोंबडी रात्री उंच जागा शोधते. खोकं उंच असलं तर त्यातच झोपते आणि सकाळची अंडी शिटेत लडबडतात.

मजकुरात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, ती म्हणजे सफाई. लाल माइट नावाचे रक्त पिणारे बारीक किडे दिवसा लाकडाच्या सांध्यांत लपतात आणि रात्री कोंबड्यांवर चढतात. उपाशीपोटीही ते महिनोन्महिने तग धरतात. दांडीचं टोक उचलून खाचेत पांढरं फडकं घासा. लाल रेघ उमटली तर ते आलेत. म्हणून दांड्या सुटणाऱ्या, तळाचा ट्रे ओढता येणारा आणि तुमचा हात कोपऱ्यापर्यंत पोचेल एवढं दार, हे घेण्याआधी दुकानातच उघडून बघा.

आणि ते ‘सहा कोंबड्यांचं’ खुराडं आधीच घरी आलं असेल तर ते टाकू नका. दांडी मोजून पुरतील तेवढ्याच, बहुधा दोन किंवा तीन तलंगा (तरुण कोंबड्या) ठेवा, छपराखाली दोन्हीकडे झरोके कापून अर्ध्या इंचाची जाळी मारा, आणि पहिल्या आठवड्यात एकदा पहाटे गुडघ्यावर बसून आतली हवा हुंगा.