'बुरुंग'चं मूळ संस्कृतात नाही

"मलय आणि इंडोनेशियन भाषा संस्कृतातून जन्मल्या," हा संदेश फोनवर पुन्हा पुन्हा फिरतो. पुरावा म्हणून पक्ष्यांची नावं येतात: गरुडा, अंग्सा, म्हणजे हंस, मर्पाती, म्हणजे पारवा, मूळ पारापत. जोडीला दोनसाठी 'दुआ'. हे शब्द मलयमध्ये खरोखरच आहेत. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्यामुळे ऑस्ट्रोनेशियन या अफाट पसरलेल्या भाषाकुळाचा इतिहासच पुसला जातो.

आधी गरुड-हंस घेऊ. हे उसने शब्द आहेत. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर पालेम्बांगजवळ सापडलेला केदुकान बुकितचा जुन्या मलयमधला शिलालेख इ.स. 682चा. त्यात 'शुक्लपक्ष' आहे, 'वुलान वैशाख'ही आहे. पण त्यातला 'वुलान', म्हणजे महिना, मलयचा स्वतःचा. वाक्यरचना आणि क्रियापदांचे उपसर्गही तिचेच. उलट दिशेनेही शब्द आले. आपला काकाकुवा मलय 'काकातुआ'वरून आला, म्हणून मराठी काही मलयची लेक ठरत नाही.

नातं शोधायचं तर रोजच्या शब्दांकडे जावं लागतं. पक्ष्याला मलयमध्ये 'बुरुंग' म्हणतात. दक्षिण बोर्निओतल्या मा'अन्यान भाषेत 'वुरुंग', आणि थेट आफ्रिकेजवळच्या मादागास्करमध्ये 'वुरुना'. बोर्निओकडून गेलेल्या लोकांनी ही भाषा समुद्रापार नेली.

त्याहून जुना शब्द 'मानुक'. जावा बेटावरच्या जावानीज आणि सुंदानीज भाषांत तो पक्षी. फिलिपिन्सच्या तागालोग भाषेतला 'मानोक' आणि सुमात्रातल्या बाटाक लोकांचा 'मानुक' मात्र कोंबडी. या गोंधळाला कारण आहे. अभ्यासकांच्या मांडणीनुसार या भाषांच्या पूर्वज भाषेत 'मानुक' म्हणजे कोंबडी होती आणि शब्द दुणावून 'मानु-मानुक' केला की पक्षी. पुढे कुठे एक अर्थ टिकला, कुठे दुसरा. न्यूझीलंडची माओरी, तसंच सामोअन आणि हवाईयन या पॅसिफिक बेटांवरच्या भाषांत तोच शब्द 'मानू' होऊन पक्षी या अर्थाने उरला.

'मानू' दिसला की कुणाला मनू आठवेल. पण माओरीत शब्दाच्या शेवटचं व्यंजन नेमाने गळतं: मलय 'लांगित', म्हणजे आकाश, माओरीत 'रांगी' होतं. तसाच 'मानुक'मधला क् गळाला. ध्वनी असे शब्दामागून शब्द ठरावीक रीतीने बदललेले दिसले, तरच ते नात्याचा पुरावा होतात. एकेकटं साम्य हाती धरून काहीच सिद्ध होत नाही.

'दुआ'चंही तेच. तैवानच्या पायवान या आदिवासी भाषेत दोन म्हणजे 'दुसा', माओरीत 'रुआ', हवाईयनमध्ये 'लुआ'. तैवानचे डोंगर आणि न्यूझीलंड, दोन्ही ठिकाणी संस्कृतची छाया कधी पडली नाही. 'द्वि'शी जुळणारा आवाज हा योगायोग आहे. या ऑस्ट्रोनेशियन कुळाचं मूळ स्थान बहुतेक अभ्यासक तैवान मानतात.

एक उदाहरण तर दोन्ही बाजू एकत्र दाखवतं. मॅगेलनच्या जगप्रदक्षिणेच्या सफरीतला इटालियन वृत्तांतकार पिगाफेत्ता 1521 मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या मालुकू बेटांवर होता. तिथे स्पेनच्या राजासाठी नजराणा म्हणून नंदनपक्षी दिले गेले. त्यांचं स्थानिक नाव त्याने 'बोलोन दिउआता' असं टिपलं, म्हणजे 'बुरुंग देवाता', देवांचे पक्षी. 'देवता' संस्कृतच, यात वाद नाही. पण आपण 'देवपक्षी' म्हणतो, देव आधी. मलयमध्ये पक्षी आधी येतो आणि देवता त्याच्या मागून. शब्द बाहेरून आला, तो बसला मात्र मलयच्या नियमाने.