ताईच्या फोनचा मालक नक्की कोण?

आज दुपारी ताईबरोबर बँकेत गेलो होतो. आल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसलो. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

ताई घरी शिलाईकाम करते, शाळेच्या युनिफॉर्मचं. सोलापुरात किती घरांत हे काम चालतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मापं आणि ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, पैसे आले का ते बँकेच्या ॲपवर बघायचं, कापडवाल्याचे तिथूनच सोडायचे. परवा ते ॲप अपडेट झालं आणि तेव्हापासून उघडतच नाही. उघडलं की पांढऱ्या स्क्रीनवर एक ओळ, 'तुमचं डिव्हाइस सुरक्षित नाही', आणि खाली बाहेर पडायचं बटण. बस्स. शाखेतल्या काउंटरवरच्या मुलानं फोन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, यात कुणीतरी छेडछाड केलीय. नवीन घेऊन टाका, आता ईएमआयवर मिळतात सगळे." ताई काही बोलली नाही. तिनं फोन पर्समध्ये ठेवला आणि पैसे भरायच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

कुणी काय केलं होतं ते सांगतो. फोन २०१८ सालचा. कंपनीनं २०२० नंतर त्याला एकही अपडेट दिलं नाही. बॅटरी बरी, कॅमेरा बरा, कोपऱ्यात काचेला एक तडा, तेवढंच. पण आतलं सगळं जाम झालेलं. फोन लावायला डायलर उघडावं तर तेवढ्यात समोरचाच फोन करून मोकळा व्हायचा. नवी पेठेत दाखवला तर दुकानदार म्हणाला, याचं आता काही होत नाही, एक्स्चेंजला पाचशे देतो.

मग दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्यानं, म्हणजे ताईच्या मुलानं, तो हातात घेतला. पोरगं अकरावीत आहे. कुणी शिकवलं नव्हतं, स्वतः वाचून वाचून केलं. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट दाबलं, डेव्हलपर ऑप्शन्स उघडले, ओईएम अनलॉकिंग (फोनचं कुलूप काढू देणारा पर्याय) चालू केलं. पुढं कंपनीचा नियम: अनलॉकसाठी अर्ज केला की १६८ तास थांबायचं. आपलाच फोन, आपल्याच पैशानं घेतलेला, आणि त्याचं कुलूप काढायला आठवडाभर परवानगीची वाट बघायची! थांबलं बिचारं. मग माझ्या लॅपटॉपला केबल जोडून, आईचे सगळे फोटो आधी काढून घेऊन, बूटलोडर (फोन सुरू होताना आत कुठली सिस्टीम चालू द्यायची ते ठरवणारा भाग) उघडला आणि लिनिएजओएस, म्हणजे लोकांनी बनवलेली फुकट अँड्रॉइड सिस्टीम, चढवायला घेतलं. लॅपटॉपवरचा आकडा ४७ टक्क्यांवर येऊन थांबला. माझ्या पोटात गोळा आला. तो म्हणाला, "मामा, घाबरू नका. तिथं थांबलं तरी झालेलं असतं, लिहिलंय त्यांनी." आणि खरंच झालं होतं. अँड्रॉइड १४. सुरक्षेचे नवे पॅच, म्हणजे त्रुटींच्या दुरुस्त्या. पाचशे रुपयांचा फोन पुन्हा कामाला लागला, आणि ताईनं त्या संध्याकाळी पोराला त्याच्या आवडीची शेंगदाण्याची पोळी करून घातली.

आता मला सांगा, यात छेडछाड कुठं आली?

आणि माझा खरा संताप पुढं आहे. हेच ॲप याच फोनवर दिवाळीआधी बिनबोभाट चालत होतं. तेव्हा फोनमध्ये २०२० नंतरच्या एकाही त्रुटीची दुरुस्ती नव्हती. पाच वर्षांची भोकं उघडी पडलेला फोन बँकेला चालत होता. ती भोकं बुजवली, तर आता 'सुरक्षित नाही'! कारण हे ॲप गूगलच्या प्ले इंटिग्रिटी नावाच्या यंत्रणेला विचारतं. ती बघते की बूटलोडरचं कुलूप शाबूत आहे का, आत कंपनीनं दिलेली, गूगलनं मान्य केलेलीच सिस्टीम आहे का. ताईच्या जुन्या सिस्टीमचं सील शाबूत होतं, म्हणून ती पास झाली. याला सुरक्षा म्हणतात? हा तर सही-शिक्क्याचा कारभार झाला.

मान्य, फसवणूक वाढली आहे. लग्नाची पत्रिका म्हणून, वाहनाचं चलन म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲपची फाइल, पाठवतात, माणूस दाबतो आणि खातं रिकामं होतं. बँकांना भीती वाटणारच. पण ती फसवणूक होते ती कुलूपबंद, शिक्कामोर्तब झालेल्या फोनांवरसुद्धा. ताईच्या फोनला त्याची शिक्षा का?

आणि कुलूप नको असं मी म्हणतच नाही. कुलूप ठेवा, किल्ली मालकाला द्या. हे होत नाही असंही नाही. गूगलच्याच पिक्सेल फोनवर तुम्ही दुसरी सिस्टीम, ग्राफीनओएससारखी, टाकून बूटलोडर परत बंद करू शकता, तिच्या स्वतःच्या किल्लीनं. फोन सुरू होताना तपासतो की आतलं कुणी बदललेलं नाही ना. बँकेलाही हार्डवेअरकडून याची खात्री करून घेता येते. सगळं तयार आहे. फक्त पिक्सेल घ्यायची ऐपत हवी, आणि बँकेला तेवढी तसदी घ्यायची इच्छा हवी. आपल्याकडं दहा-बारा हजारांचा फोन घेणाऱ्याला ही सोय कोण देतं?

जुने दिवस आठवले की वाईट वाटतं. माझ्या वयाच्या लोकांना सायनोजेनमॉड आठवत असेल, अँड्रॉइडची लोकांनी बदललेली आवृत्ती. २००९ साली स्टीव्ह कॉन्डिक नावाच्या माणसानं एका फोनसाठी सुरू केलं आणि बघता बघता जगभरच्या पोरांनी शेकडो मॉडेलांवर ते चढवलं. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सचा यू युरेका ८,९९९ रुपयांना मिळायचा, त्यात सायनोजेन आधीच घातलेलं यायचं. हॉस्टेलवर रात्र रात्र जागून आम्ही रॉम, म्हणजे फोनची आख्खी सिस्टीम, बदलायचो. आज हा, उद्या तो. कुणाला काय पडलं नव्हतं. मग कंपनी झाली, भांडणं झाली, २०१६ च्या डिसेंबरात सगळं बंद. त्याच कोडवर लोकांनी लिनिएजओएस उभं केलं, पगार न घेता. कुठला कोण माणूस आपल्या नोकरीतून वेळ काढून २०१८ च्या एका स्वस्त फोनचं कोड सांभाळतो, आणि त्याच्यामुळं सोलापुरात माझ्या बहिणीचा फोन चालतो. त्याचं नावही मला माहीत नाही. त्याला माझा दंडवत.

आणि ज्यांनी हे सगळं फुकट घेतलं त्या कंपन्यांचं वागणं बघा. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे, १९९१ पासून लोकांनी मिळून लिहिलेलं. त्याचं लायसन्स सांगतं की बदल करून विकलंत किंवा वाटलंत तर कोड खुला करा. ते घेऊन फोन विकले, अब्जावधी कमावले, आणि वर दाराला कुलूप. हुआवेनं २०१८ मध्ये अनलॉक कोड देणं बंद केलं. सॅमसंगनं २०२५ मध्ये वन यूआय ८ ही नवी सिस्टीम आणताना अनलॉकचा पर्यायच काढला. एकेक दार बंद होत चाललंय आणि आपण नवीन कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजतोय.

माझे वडील पूर्व भागात एका कारखान्यात माग चालवायचे. चादरीवरची वेलबुट्टी जकार्डवरून उतरते हे सोलापूरकराला सांगायला नको. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ मागावर चढवायची, भोक असेल तिथं सुई जाते, नसेल तिथं अडते, आणि धागा तसा उचलला जातो. नवीन डिझाइन हवी, कार्डं बदला. माग कुठल्या कंपनीचा, कुणाला विचारायचं, असा प्रश्नच नव्हता. माग ज्याचा, कार्डं त्याची. आणि फ्रान्समधल्या जकार्डनं १८०४ च्या सुमारास केलेल्या याच युक्तीवरून पुढं इंग्लंडात चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राला भोकांची कार्डं लावायचं ठरवलं. म्हणजे मशीनला काय करायचं ते मालकानं सांगायचं, ही गोष्ट आपल्या गावात चादरीएवढी जुनी आहे. मग मशीन खिशात आलं म्हणून तो हक्क का सोडायचा?

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, अरे हे सगळं चार-दोन हौशी पोरांचं खूळ. साध्या माणसाला काय करायचंय? एक्स्चेंज करा, नवीन घ्या, सुखी राहा. हौसेचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलंच नसतं.

ताईच्या घरात कॉम्प्युटर नाही. कधी नव्हता. तिच्या गल्लीत किती घरांत आहे? फोन हाच त्यांचा कॉम्प्युटर. आम्ही सायबर कॅफेत, कॉलेजच्या लॅबमध्ये जुना डबा उघडून रॅम काढायचो, विंडोज उडवून लिनक्स टाकायचो, बिघडलं तर परत टाकायचो. शिकलो ते असं मोडतोड करून. आज भाचा पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतोय ते आईच्या याच फोनवर, रात्री तिचं काम आटोपल्यावर. टर्मक्स नावाचं ॲप आहे, त्यात काळ्या स्क्रीनवर लिनक्सच्या कमांड चालतात. परवा त्यानं आईसाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला: इयत्ता आणि नग टाकले की कापड किती मीटर लागेल ते सांगतो. ताई आधी वहीवर हिशेब करायची. आता दोन्ही करते, वहीवरचा जुळला की मग पोराच्या प्रोग्रॅमवर विश्वास. हे बघून मला काय वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

ते टर्मक्स त्यानं घेतलं एफ-ड्रॉइडवरून. फुकट आणि खुल्या ॲप्सचं भांडार, २०१० पासून चालू आहे. आता ऐका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गूगलनं जाहीर केलं की ज्या डेव्हलपरनं त्यांच्याकडं स्वतःची ओळख नोंदवलेली नाही, त्याचं ॲप मान्यताप्राप्त अँड्रॉइड फोनवर टाकताच येणार नाही. प्ले स्टोअरवरून नाही घेतलं तरी हाच नियम. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड, आणि २०२७ पासून पुढं बाकीचं जग. त्यात आपण आलो. एफ-ड्रॉइडवाल्यांनी स्पष्ट सांगितलं की हा नियम असाच आला तर आमचं काम आजच्या स्वरूपात संपेल. ओरड झाल्यावर गूगल म्हणालं की जाणकार लोकांसाठी वेगळी वाट ठेवू. ठेवा. पण ती वाट कुणाची आणि किती दिवस उघडी, हे परत तेच ठरवणार ना?

पुढचा काळ कसा असणार ते दिसतंच आहे. फोन टीव्हीला जोडायचा, कीबोर्ड लावायचा, झाला कॉम्प्युटर. सॅमसंगनं डेक्स २०१७ मध्ये आणलं, गूगलही आता अँड्रॉइडमध्ये तसाच डेस्कटॉप आणतंय. मला याचा मनापासून आनंद आहे. ज्या घरात लॅपटॉप परवडत नाही तिथं ही मोठी गोष्ट ठरेल. (बहुतेक स्वस्त फोनच्या यूएसबी-सीमधून आजही डिस्प्ले बाहेर निघत नाही, तिथंही गरिबाचीच वायर कापलेली.) पण हा एकुलता एक कॉम्प्युटर जर असा असेल की त्यात काय टाकायचं, किती वर्षं चालवायचा, कधी फेकायचा हे दुसराच कुणी ठरवणार, तर आपली पोरं वापरायला शिकतील, बनवायला शिकणार नाहीत. श्रीमंताचं पोरगं लॅपटॉपवर शिकेल. ताईच्या पोराचं काय?

युरोपनं कायदा केला. २० जून २०२५ पासून तिथं विकायच्या फोनला, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं अपडेट द्यावे लागतात, आणि सुटे भाग सात वर्षं. आपल्याकडं ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी (दुरुस्तीच्या हक्कासाठी) समिती नेमली, पोर्टलही काढलं. चांगलंच आहे. पण त्यात ही एक ओळ हवी: कंपनीनं अपडेट बंद केले त्या दिवशी बूटलोडरची किल्ली मालकाला द्यायची, अर्ज नाही, १६८ तास नाहीत. आणि बँकांना कुणीतरी वरून सांगायला हवं की ग्राहकाचा फोन नाकारायचा तर कारण लेखी द्या.

कुणीतरी कमेंटमध्ये सांगेलच, मॅजिस्क टाक, अमुक मॉड्यूल टाक, फोनचं कुलूप काढलंय याचा बँकेच्या ॲपला पत्ता लागणार नाही. माहीत आहे मला. भाच्यालाही माहीत आहे. पण बहिणीनं स्वतःचे कष्टाचे पैसे स्वतःच्या फोनवर बघायला चोरवाट का वापरायची? तिनं काय गुन्हा केलाय? मी उद्या शाखेत लेखी तक्रार देणार आहे. दाद लागली नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडं ऑनलाइन टाकणार. बँकेनं परत 'नवीन घ्या' म्हटलं तर ते त्यांच्या लेटरहेडवर लिहून घेणार.

आणि एक काम तुमच्यासाठी. घरात ड्रॉवरमध्ये पडलेले जुने फोन असतील तर मॉडेल नंबर कमेंटमध्ये टाका, सेटिंगमध्ये अबाउट फोनखाली असतो तो पूर्ण नंबर, नुसतं कंपनीचं नाव नको. लिनिएजओएसच्या यादीत आहे का ते भाचा आणि मी बघून सांगू. सगळे फोन होत नाहीत, ज्याचा बूटलोडरच उघडत नाही त्याला इलाज नाही, तसं स्पष्ट सांगेन. बँकेचं ॲप ज्या फोनवर चालवता तो आत्ता देऊ नका. शिकणाऱ्या पोरांसाठी चालेल असा दुसरा फोन द्या. अनलॉक करताना आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा फोटो, नंबर आधी काढून ठेवा. रविवारी सकाळी जुळे सोलापूरला माझ्या घरी या, केबल आणि लॅपटॉप माझा, चहा ताईचा.