शेठ, हिशोब नंतर, आधी डेमो बघा

शेठ, तुमच्या ऑफिसात येऊन गेला ना तो लॅपटॉपवाला पोरगा? कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, आणि आल्या आल्या "सर वायफाय आहे का?" मग आता सुटका नाही, ट्रान्सपोर्टचं सॉफ्टवेअर तुम्हाला घ्यावंच लागणार, कारण समोरच्या गाळेवाल्याने घेतलंय. घेण्याआधी आमचे चार शब्द ऐका. आम्ही कळंबोलीला एका बारक्या ऑफिसात वीस गाड्यांचा हिशोब बघतो, आजवर तीन सॉफ्टवेअरं आली, दोन गेली आणि तिसरं आहे पण त्याचा पासवर्ड ज्या पोराकडे होता तो पोरगा गेला.

तर पहिली गोष्ट, आज धंदा कसा चाललाय हे कागदावर अजिबात लिहून ठेवू नका. गाडी महिन्याला रिकामी किती पळते, कंपनीच्या गेटवर किती तास उभी राहते, माल उतरल्याची पोच ऑफिसला किती दिवसांनी येते, अ‍ॅव्हरेज काय देते, यातलं काहीच नको. कारण एकदा का आजचा आकडा लिहिला की वर्षाने कुणीतरी तो कागद काढून विचारणार, काय हो शेठ, एवढे पैसे घातले, फरक किती पडला? आकडाच नसला की फायदा झाला म्हणणाराही खरा, बुडालो म्हणणाराही खरा, लग्नातल्या पाहुण्यांसारखा सगळ्यांचा मानपान व्यवस्थित होतो.

आता किंमत. किंमत विचारताना एकच विचारायचं, गाडीमागे महिन्याला किती? समजा तो म्हणाला पाचशे. वीस गाड्यांचे दहा हजार, वर्षाचे 1 लाख 20 हजार. त्यावर तुम्ही अर्धा तास घासाघीस करा, चहा पाजा, त्याला बाहेर जाऊन साहेबांना फोन लावू द्या, ही मजा सोडू नका. वरचा 18 टक्के जीएसटी मात्र "त्याचं काय, क्रेडिट मिळतं, भरलेला टॅक्स वळता होतो" म्हणून सोडून द्यायचा. तुम्ही आरसीएमवाले, म्हणजे रिव्हर्स चार्जवाले, तुमच्या भाड्यावरचा पाच टक्के टॅक्स गिऱ्हाईक पार्टीच भरते, तुम्हाला क्रेडिट नाही, म्हणजे ते 21,600 खिशातूनच जाणार, पण ते सीएला मार्चमध्ये सांगू द्या, त्यालाही काहीतरी काम पाहिजे.

जीपीएसचं डिव्हाइस, त्यातल्या सिमचं रिचार्ज, टॅलीला जोडायचे वेगळे पैसे, "थोडं कस्टमायझेशन लागेल सर" याचे आणखी वेगळे, हे सगळं सही झाल्यावर कळतं आणि ते तसंच बरं असतं.

एक खर्च मात्र कोटेशनमध्ये कधीच नसतो, तो म्हणजे आमचे हिशोबाचे काका. काकांचं वय साठच्या पुढे, लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर, अक्षर मोत्यासारखं. त्यांना सांगितलं की काका, आता सगळं कॉम्प्युटरवर. काका हो म्हणाले आणि दिवसभर रजिस्टर लिहून संध्याकाळी सहानंतर तेच कॉम्प्युटरवर चढवायला लागले, एका बोटाने. गाडीचा नंबर कधी एमएच46 असा सलग, कधी मध्ये स्पेस देऊन, कधी आडवी रेघ मारून, आणि मशीनला काय कळतंय, त्याने प्रत्येकाची वेगळी गाडी धरली. दुसऱ्या महिन्यात रिपोर्ट काढला तर आमच्या वीस गाड्यांच्या एकतीस झालेल्या. शेठ खूश! बँकेत दाखवू का म्हणाले.

फायद्याची बाजू तर त्याहून सोपी आहे, ती पोरगा स्वतःच भरून आणतो. डिझेल वाचणार, टायर वाचणार, वेळ वाचणार, स्टाफ अर्धा होणार. सगळ्या वाचण्याची बेरीज केली तर महिनाअखेर गाडीनेच उलटं आपल्याला डिझेल द्यायला पाहिजे. पण त्याला अडवू नका, स्लाइडवर बाण वर चाललेला असताना माणसाने अपशकुन करू नये.

तरी मन ऐकतच नसेल तर डिझेलचा हिशोब करून बघा. गाडी महिन्याला 8 हजार किलोमीटर पळते, लिटरला चार देते, म्हणजे 2 हजार लिटर. लिटर नव्वदचं धरलं आणि नुसते तीन टक्के वाचले तरी गाडीमागे 5,400 रुपये. पाचशेच्या बदल्यात चोपन्नशे! कागदावर सॉफ्टवेअर तीन दिवसांत फुकट पडतं. आम्हीपण हाच कागद बघून टाकीत सेन्सर बसवले होते. रात्री दोन वाजता आलेख धपकन तीस लिटर खाली, ढाब्याचं नावसुद्धा नकाशावर. सकाळी शेठनी ड्रायव्हरला बोलावलं, मोबाइल दाखवला. ड्रायव्हरने आलेख नीट बघितला, खिशातून चावी काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाला शेठ, दुसरा माणूस बघा. गाडी भरलेली, माल उद्या सकाळी पोचायचाय, आणि आजकाल घाटात गाडी चालवणारा ड्रायव्हर मिळतो कुठे? दहा मिनिटांनी शेठ त्याला चहा पाजत होते आणि त्या गाडीचा सेन्सर "खराब" झाला तो झालाच.

पण खरा पैसा आहे पोचेत, आणि तिथेच तुम्ही बघायचं नाही. पोच म्हणजे एलआरची, गाडीबरोबर जाणाऱ्या मालाच्या पावतीची, ती कॉपी, माल उतरला म्हणून पार्टीच्या गोडाऊनवाल्याने सही-शिक्का मारून दिलेली. ती आल्याशिवाय बिल नाही आणि बिल गेल्याशिवाय पैसे नाहीत. आणि ती असते कुठे तर केबिनमध्ये, काचेच्या वर, देवाच्या फोटोमागे, रबरबँड लावलेल्या गड्डीत, उदबत्तीचा वास लागलेला, कोपऱ्यावर चहाचा गोल डाग. बंगळुरूचा माल उतरवून तिथूनच गाडी चेन्नईला लागली की पोच पण चेन्नई बघून येते. आता समजा महिन्याचं बिलिंग 40 लाख आणि पोच सरासरी पंधरा दिवस उशिरा येते. म्हणजे 20 लाख कायमचे बाहेर अडकले. सीसीवर, बँकेच्या कॅश क्रेडिटच्या कर्जावर, 12 टक्के धरले तर वर्षाचं व्याज 2 लाख 40 हजार, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवरून तुम्ही पन्नास-पन्नास रुपयांची घासाघीस केली त्याच्या दीडपटीहून जास्त, आणि हे पैसे तुम्ही दरवर्षी विनातक्रार बँकेला देताय, तिच्याकडे कधी डेमोसुद्धा मागितला नाही.

सॉफ्टवेअर घेतल्यावर हे सुधारतं का? सुधारतं ना, आधी माहीत नव्हतं, आता स्क्रीनवर लाल अक्षरात येतं, "पोच बाकी 63". रोज सकाळी सगळे येऊन ते बघतात. 63 चे 71 होतात, 71 चे 80. त्या ड्रायव्हरांना एकेक फोन लावून पोच कुरियर करायला लावेल असा एक पोरगा ठेवा म्हणून आम्ही शेठना सुचवलं होतं. शेठ म्हणाले, पगार म्हणजे खर्च, सॉफ्टवेअर म्हणजे इन्व्हेस्टमेंट. आम्ही गप्प बसलो. शिवाय ड्रायव्हरने मोबाइलवर पोचेचा फोटो टाकला की लगेच बिल, असं डेमोत दाखवलं होतं, ते आम्हाला फार आवडलं. पार्टीच्या अकाउंट्सवाल्याला तो फोटो चालतो का हे कुणी विचारलंच नाही. नाही चालत. ओरिजिनलच लागते, निळ्या शिक्क्याची. तुम्हीही विचारू नका, घेतल्यावर कळण्यात जो थरार आहे तो आधी विचारण्यात नाही.

हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी उभी ठेवल्याच्या पैशांचं, तसंच. गाडी चाकणला गेटवर सकाळी 9:40 ला लागली, खाली झाली दुसऱ्या दिवशी चार वाजता, जीपीएसने मिनिटामिनिटाचा पुरावा दिला. आता हॉल्टिंग मागायचं तर भाडं ठरवताना तसं लिहून घेतलेलं पाहिजे, आणि ते घेतलेलं नसतं कारण पार्टी नाराज होईल. मग तो रिपोर्ट काढायचा, रंगीत प्रिंट मारायची आणि फायलीला लावायची.

ई-वे बिलाचा, म्हणजे मालाबरोबर लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचा, अलार्म हा एक बरा प्रकार आहे, यावर मला खरं तर टिंगल करायची नाही, पण सवय. 200 किलोमीटरला एक दिवस अशी मुदत, आणि संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच ती वाढवून घेता येते. गाडी घाटात बंद पडली, मुदत गेली आणि रस्त्यात अडवली तर मालाच्या टॅक्सच्या दुप्पट दंड, म्हणजे 18 टक्केवाला 10 लाखाचा माल असला तर 3 लाख 60 हजार. मुदत वेळेत वाढवून अशी एक गाडी वाचली तर सॉफ्टवेअरचे दोन वर्षांचे पैसे सुटले. पण न बसलेला दंड काकांनी रजिस्टरमध्ये जमेला लिहायचा की नावे, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही, म्हणून तो फायद्यात धरलेलाच नाही. अलार्म येतो रात्री दोनला आणि तो ज्या मोबाइलवर येतो तो सायलेंटवर असतो, हा भाग वेगळा.

सही करताना एक विसरू नका, वर्षाचे पैसे एकदम भरा, डिस्काउंट मिळतो. आणि उद्या सोडायचं झालं तर आपला डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढून मिळेल का, हे चुकूनही विचारू नका, पोराला वाईट वाटतं. आमच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्याचा फोन एके दिवशी लागायचाच बंद झाला, आत आठ महिन्यांच्या एलआर. काकांचं लाल रजिस्टर होतं म्हणून बिलं निघाली, आणि काका त्या आठवड्यात जे चालत होते ना ऑफिसात, छाती पुढे काढून!

आता तिसरं चालू आहे. पासवर्ड नाही, पण शेठच्या मोबाइलवर लॉगिन राहिलंय तेवढ्यावर नकाशा दिसतो. परवा शेठ साताऱ्याच्या एका लग्नात पंगतीला बसलेले, शेजारच्या व्याह्यांना मोबाइल दाखवतायत, हा बघा हिरवा ठिपका, आपली गाडी, कोल्हापूरचा माल उतरवून निघालीय, आत्ता खंबाटकी चढतेय. व्याही म्हणाले, कमाल आहे! शेठनी तिथल्या तिथे स्पीकरवर ड्रायव्हरला फोन लावला, काय रे, घाटात ना?

"गाडी घाटातच आहे शेठ, जोडीदार चालवतोय. मी मगाशी सुरूर फाट्याला उतरलो, घरी सत्यनारायण आहे."

"आणि पोच?"

"पोच आहे की शेठ, माझ्या खिशात."