आदर्श प्रजा व्हायचंय? नागपूरकरांसाठी काही टिप्स

नागरिक होणं लय कटकटीचं काम आहे भाऊ, त्यापेक्षा प्रजा व्हा, सुखी राहाल.

मत द्या, शाईच्या बोटाचा सेल्फी टाका आणि पाच वर्षं झोपा.

निवडणूक वेळेवर का नाही झाली, हे तर विचारूच नका. मनपाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं घटनेच्या कलम २४३-यू मध्ये लिहिलंय, तरी प्रशासकाच्या भरवशावर वर्षांमागून वर्षं निघालीच ना आपली? कोणाचं जेवण अडलं?

हिवाळी अधिवेशनात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चा अडवला की ट्रॅफिकच्या नावानं मोर्चेवाल्यांना शिव्या द्या. बॅरिकेडला देऊ नका.

आणि माहितीचा अधिकार वापरू नका, हात जोडून सांगतो. आमच्या गल्लीत सिमेंट रोड झाला, घरापेक्षा उंच, आता पाऊस आला की पाणी सरळ हॉलमध्ये. म्हणून एस्टिमेटची कॉपी मागायला गेलो (ऑफिसचं नाव घेत नाही, सगळी सारखीच आहेत) तर टेबलावरचा बाबू म्हणते, "कायले पाहिजे तुम्हाले? कारण लिहून द्या." अरे, २००५ च्या कायद्याच्या कलम ६(२) मध्ये स्पष्ट लिहिलंय की अर्जदाराला कारण विचारायचं नाही! कारण तू द्यायचं, मी नाही! मला कायद्यानं मनाई नाही ते सगळं मी करू शकतो, सरकारला मात्र कायद्यानं जेवढी मुभा दिली तेवढंच, टॅक्ससुद्धा कायद्याच्या आधाराशिवाय घेता येत नाही, घटनेचं कलम २६५. १९७३ मध्ये केशवानंद भारती केसमध्ये सुप्रीम कोर्टाचे तेरा जज बसले आणि सात विरुद्ध सहानं का होईना, संसदेलाही हद्द आखून दिली, की घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही. संसदेला हद्द आहे आणि या टेबलाला नाही?

पण खरा संताप बाबूचा नाही आला. लायनीत मागे उभे होते ते म्हणाले, "जाऊ द्या ना काका, साहेबाईच्या कायले नादी लागता, आमचा टाइम खोटी होते."

टिप्स गेल्या चुलीत, आता सरळच बोलतो. दीक्षाभूमीवर फोटो काढता, १४ एप्रिलला स्टेटस ठेवता, आणि त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, ते वाचलं का कधी? साहेब नोकर आहे तुमचा, पगार तुमच्या खिशातून जाते, आणि तुम्ही चप्पल दाराबाहेर काढून त्याच्या केबिनमध्ये जाता! लाज वाटत नाही? पाणी तुमच्याही घरात शिरलंय. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर मी अपिलात जाणारच आहे, पण एकट्यानं किती टाकायचे अर्ज? अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागते, खर्ऱ्याच्या पुडीपेक्षा स्वस्त. सोमवारी ऑफिस उघडते, या आपापला अर्ज घेऊन.