आधी बिजागरी, मग ड्रॉवर

डेंटल कॉलेजच्या पहिल्या वर्षाची जर्नलं तपासत होते. जबड्याच्या सांध्याच्या आकृतीखाली एका मुलाने लिहिलंय, 'आधी बिजागरी, मग ड्रॉवर (काका).' म्हणजे संदर्भ म्हणून काका! माझ्या स्लाइड्स आणि बसलेला घसा यांचा उल्लेख नाही.

काका म्हणजे लॅबचा अडकणारा ड्रॉवर दुरुस्त करायला आलेले सुतार. मी कवटी हातात धरून जबडा खटाखट उघडमीट करत होते. ही कवटीच खरी अपराधी. त्यात सांध्यातली गादीसारखी चकती नाही, अस्थिबंध नाहीत, स्नायू नाहीत. खालचा जबडा दोन स्प्रिंगांवर लटकलेला, त्यामुळे पेटीच्या झाकणासारखा जागच्या जागी फिरतो. जिवंत माणसात तोंड साधारण वीस-पंचवीस मिलिमीटर उघडेपर्यंत काँडाइल (खालच्या जबड्याचं सांध्यातलं गोल टोक) मुख्यतः फिरतं, सांध्याच्या चकतीखालच्या कप्प्यात. त्यापुढे चकतीला बरोबर घेऊन ते कानापुढच्या हाडाच्या उतारावरून खाली-पुढे सरकतं, हे चकतीवरच्या कप्प्यात. तेव्हा कुठे चाळीस-पन्नास मिलिमीटरचा आ वासला जातो. हे मी तिसऱ्यांदा सांगत होते. मुलं पंख्याकडे बघत होती.

"मॅडम," काका ड्रॉवरमधून डोकं काढून म्हणाले, "नुसती बिजागरी असेल तर एवढा आ केल्यावर हाड गळ्यात नाही का घुसणार? पटरी पाहिजे. ड्रॉवरसारखी."

वर्ग जागा झाला. मी (चूक माझीच) म्हटलं, कानाच्या पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा. काकांनी कानावरची पेन्सिल काढून बोट ठेवलं, आ केला, आणि टक्‌ असा आवाज आला. हा आवाज बहुधा चकती जागेवरून पुढे घसरलेली असली की येतो. तोंड उघडताना काँडाइल तिच्यावर पुन्हा चढतं, तेव्हा टक्‌. मी हे सांगेपर्यंत अर्धा वर्ग काकांच्या दोन्ही कानांशी जमला होता. काका स्टुलावर नवरदेवासारखे बसून मागणीनुसार टक्‌ वाजवत होते. दुखत नाही, अडकत नाही, मग औषध लागत नाही, हे वाक्य मी भिंतीला सांगितलं.

मग त्यांची नजर आर्टिक्युलेटरवर गेली. "हे काय?"

"रुग्णाचे दोन्ही जबडे यावर बसवायचे आणि चावा तपासायचा."

"मग वरचं का हलतंय? माणसाचं तर खालचं हलतं."

मी सांगितलं की खालचा भाग टेबलावर टेकलेला असतो, म्हणून वरचा हलवायचा. दातांचा एकमेकांशी संबंध तोच राहतो. काकांनी उताराची पट्टी निरखली. "हा उतार बदलता येतो?" नाही, साध्या यंत्रात सरासरी धरून तो तीस अंशांच्या आसपास कायमचा बांधलेला असतो. "सगळ्यांना एकच माप? रेडिमेड चौकट म्हणा की!"

मुलं हसली. हसतील त्यांचे दात दिसतील, आणि दिसले त्यातल्या निम्म्यांची मॉडेलं त्यांनीच आदल्या दिवशी यंत्रावर चुकीची बसवली होती. प्लास्टरचा ढीग एका दमात ओततात. ते घट्ट होताना फुगतं, मॉडेल वर उचलतं आणि यंत्राची उंची धरून ठेवणारी पुढची पिन तिच्या बैठकीपासून सुटते. थोडं प्लास्टर आधी, ते बसलं की उरलेलं, एवढंच करायचं असतं. मागच्या दाढांत एक मिलिमीटर उंची राहिली तर पुढे दोन-तीन मिलिमीटर फट दिसते, कारण सांध्यापासून जितकं लांब जावं तितकी ती वाढते. तरी पिन हवेत तरंगत असलेली मॉडेलं माझ्या टेबलावर येतातच, वर 'मॅम, होऊन जाईल ना?'

काकांनी आता चाव्याच्या खुणा उमटवायचा निळा कागद बोटांत धरला होता. "दार कुठं घासतंय ते बघायला आम्ही खडू लावतो. पण सगळीकडे रंधा मारायचा नसतो. काढलेलं लाकूड परत चिकटत नाही."

इथे मात्र मी त्यांचे पाय धरायला तयार होते. चाळीस मायक्रॉनचा कागद घ्या, दात आधी हवेने कोरडे करा, ओल्या दातावर खूण उमटत नाही. माणसाला ताठ बसवा, आडव्या खुर्चीत जबडा मागे जातो आणि खुणा सरकतात. मोठा गडद डाग म्हणजे जास्त दाब, असंही नाही; जड संपर्काभोवती कडं आणि मधे पांढरा ठिपका दिसतो. शंका आली तर आठ मायक्रॉनची धातूची पट्टी दातांत धरून ओढा. पण आमची मुलं दात भरल्यावर निळं दिसलं की बर (घासायचं फिरतं टोक) लावतात. रुग्ण 'अजून उंच वाटतंय' म्हणाला की आणखी घासतात. त्याचं ऐकायचं खरं, कारण दाताला वीस मायक्रॉनसारखा, केसाहून बारीक फरकही कळतो. पण घासायचं कुठे ते खुणेवरून ठरतं. ते न पाहता घासलं की कस्प, म्हणजे दाताचा उंचवटा, सपाट होतो, समोरचा दात टेकतच नाही, आणि मग भरलेलं पुन्हा उकरा.

काकांनी जाताना ड्रॉवर बंद करून दाखवला. छान सरकला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ड्रॉवरला होत्या, अशी मी माझी समजूत घातली.

त्या जर्नलमधलं उत्तर बरोबर आहे, गुण द्यावेच लागले. अर्धा कापला. ड्रॉवर कुठल्या कप्प्यात, ते लिहिलं नव्हतं.