उभ्या बारला 100 ची टोपी घालू नका

नागपुरात गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. डॅशबोर्डच्या डिस्प्लेवर कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानाचा उभा बार लावताना किमान 0 आणि कमाल 100 ठेवा. पाणी 100 ला उकळतं, त्यापुढे आकडा गेला तर सेन्सर खराब. सुरू करतानाच 45 दिसलं तरी सेन्सर खराब. आणि रिफ्रेश, म्हणजे आकडा ताजा होण्याचा वेग, जितका फास्ट तितका चांगला. चारही गोष्टी चूक आहेत, आणि पहिली तर इंजिन घालवणारी आहे.

पाणी 100 ला उकळतं ते उघड्या गंजात. रेडिएटरची यंत्रणा बंद असते, झाकण बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 1 बार (हे दाबाचं एकक) जादा दाब धरून ठेवतं, आणि एवढ्या दाबाखाली नुसतं पाणीसुद्धा 120 च्या आसपास उकळतं. कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी वर. बऱ्याच गाड्यांचा पंखाच मुळी 95 ते 102 च्या दरम्यान लागतो. म्हणजे मे महिन्यात व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला एसी लावून उभी असलेली धडधाकट गाडीही 100 ओलांडू शकते. सेन्सर तेव्हा खरंच सांगत असतो.

माझ्या मित्राने मेसेजप्रमाणे 0 ते 100 लावलं, 90 पासून लाल. बार कायम टोकाला, कायम लाल. आठवडाभरात त्याने तिकडे बघणंच सोडलं. वर्धा रोडवर होजचा क्लॅम्प ढिला झाला, कूलंट गळू लागलं, तापमान चढत गेलं आणि बार जागचा हलला नाही. वर जायला जागाच नव्हती! बोनेटमधून वाफ आली तेव्हा कळलं.

मी 40 ते 120 ठेवतो. बार 160 पिक्सेल उंच असेल तर एका अंशाला 2 पिक्सेल मिळतात: 90 ला बार 100 पिक्सेलवर, 110 ला 140 वर. रस्त्यावरची नजर न हलवता हा फरक जाणवतो. पिवळा आणि लाल कुठे लावायचा ते आपल्या गाडीचा पंखा कितीला लागतो त्यावरून ठरवा, दुसऱ्याचा आकडा उचलू नका. लाल 110 ला लागत असेल तर तो 108 ला जाऊ द्या, नाहीतर सीमेवर रंग फडफडत राहतो.

आता 45 चं. 23 मे 2013 ला नागपूरचा पारा 47.9 वर गेला होता. उन्हात उभ्या गाडीचं कूलंट सुरू करण्याआधीच 45 दाखवेल, त्यात नवल काय? खरी तपासणी सकाळी करा. रात्रभर उभ्या गाडीची चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका, आणि आकडा बाहेरच्या हवेशी ताडून बघा. बरोबर 40 ने जास्त आला तर सेन्सर नाही, तुमचं सूत्र चुकलंय. ओबीडीमधून, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटमधून, येणाऱ्या कच्च्या आकड्यातून 40 वजा करायचे असतात. 130 आले की तापमान 90.

रिफ्रेशचं म्हणाल तर सेकंदाला एकदा पुरे. कूलंट सावकाश तापतं, आणि त्या सॉकेटला लावलेल्या स्वस्त अडॅप्टरला सारखं तेच विचारत बसलं की आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) आकडा अडखळतो.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र डिस्प्लेत घालाच: बार झपकन खाली आला तर इशारा. कूलंट गळून सेन्सर उघडा पडला की तो आत उरलेल्या हवेचं किंवा वाफेचं तापमान दाखवतो आणि आकडा कमी येऊ शकतो. 110 वरून एकाएकी 80 दिसलं तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि ते थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नका.